पावाच्या एका तुकड्याची कसोटी

वरून कुरकुरीत, आतून मऊ असा फ्रेंच पद्धतीचा पाव घरच्या ओव्हनमध्ये भाजणे, हा आता अनेक शहरी घरांतला छंद झाला आहे. मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट या चार जिनसांच्या पदार्थाशी धर्माचा काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मात्र मुंबईतल्या हिंदू माणसाने पाव खाणे म्हणजे जातीला मुकण्याची तयारी ठेवणे होते. त्याच पावाला सुधारकाची कसोटी ठरवणाऱ्या परमहंस सभेचे प्रणेते होते दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून त्यांची ख्याती आहे. पण व्याकरणाच्या नियमांइतकाच समाजाच्या नियमांचाही त्यांनी खोलवर विचार केला होता.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. नव्या इंग्रजी विद्येच्या पहिल्या पिढीतील ते विद्यार्थी. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८३६ मध्ये, त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक सुधारित आवृत्त्यांतून ते वाढत गेले. बंडखोरी या घराण्याच्या रक्तातच होती. धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावाने पत्रे लिहून इंग्रजी राज्यावर कठोर टीका केली होती.

सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक असताना दादोबांच्या धर्मविषयक विचारांना निश्चित आकार आला. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राची जात एक आहे, प्रत्येकाला विचाराचे स्वातंत्र्य आहे आणि आचरण विवेकाला धरून असावे, अशी तत्त्वे त्यांनी ‘धर्मविवेचन’ या ग्रंथात मांडली. २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन केली. पुढे मुंबईस परतल्यावर त्यांच्याकडे शिक्षक घडवणाऱ्या नॉर्मल क्लासचे काम आले. १८४९ मध्ये त्यांच्याच प्रेरणेने परमहंस सभा सुरू झाली. राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष होते.

सभेत प्रवेश घेणाऱ्याला जातिभेद न पाळण्याची प्रतिज्ञा करावी लागे. पण नुसते शब्द पुरेसे मानले जात नसत. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी पिणे, हा प्रवेशाचा विधी होता. पावाचीच निवड का झाली, हे समजण्यासाठी पावाचा इतिहास पाहावा लागतो. पाव हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. गोव्यातील पोदेर पीठ आंबवण्यासाठी माडाची सूर वापरत. परक्या धर्माच्या माणसाच्या हातचे, पाण्यात मळलेले आणि वर सुरेने आंबवलेले हे अन्न सोवळ्याच्या सर्वच नियमांत निषिद्ध होते. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा वसई आणि गोव्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितल्या जात. ज्या घासाने माणूस बाटतो असे समाज मानत होता, तोच घास सभेने समतेच्या दीक्षेचा केला.

मात्र ही दीक्षा बंद दाराआड होत असे. सभासदांची नावे गुप्त ठेवली जात. वाळीत पडलेल्या कुटुंबाला सोयरीक तुटणे, श्राद्धपक्षाला भटजी न मिळणे अशा यातना सोसाव्या लागत, हे पाहता ती सावधगिरी समजण्यासारखी होती. पुरेसे लोक सामील झाल्यावर सभा उघड करावी, असा विचार होता. तो दिवस उगवलाच नाही. दादोबा १८५२ मध्ये डेप्युटी कलेक्टर म्हणून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेले. भिल्लांच्या उठावाच्या काळातील कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. इकडे मुंबईत १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला जाऊन बाहेर फुटली. गुप्तपणे पाव खाल्लेल्यांपैकी अनेकांना चारचौघांत ते मान्य करण्याचे धैर्य झाले नाही. सभा विस्कटली.

एवढ्यावरून तो प्रयोग फुकट गेला असे म्हणता येणार नाही. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि हा समाज आरंभापासूनच उघडपणे काम करू लागला. ‘धर्मविवेचन’ १८६८ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. मोरोपंतांच्या ‘केकावली’वरील ‘यशोदा पांडुरंगी’ ही दादोबांची टीकाही अभ्यासकांत मान्यता पावली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले.

अन्नाचा वाद मात्र त्यांच्या मागेही राहिला. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा पाहुणचार झाल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्य उभे राहिले आणि रानडे यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. परमहंस सभेच्या स्थापनेला तेव्हा चाळीस वर्षे उलटली होती, हे लक्षात घेतले म्हणजे दादोबांच्या पिढीने केवढे ओझे उचलू पाहिले होते याची कल्पना येते.

आज शिंदखेड्यासारख्या, कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्या खानदेशी गावातही सकाळच्या चहाबरोबर पाव चालतो. तो कोणी भाजला, हे कोणी विचारत नाही. पावापुरता हा प्रश्न सुटला. परंतु परमहंस सभेला पावापुरती सुधारणा अभिप्रेत नव्हती. ताटातला भेद गेला तरी सोयरीक जुळवताना जात आजही विचारली जाते, आणि एकांतात पटलेली समता चारचौघांत आचरण्याची कसोटी दादोबांच्या काळाइतकीच अवघड आहे.