समेटाची वाट : रेव्हरंड नारायण वामन टिळक

सिलतरा हे रायपूरनजीकचे गाव आज पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. उदरनिर्वाहासाठी दूरदूरची माणसे तेथे येतात. रायपूरहून नागपूरकडे जाताना राजनांदगाव लागते. सुमारे १८९३ साली तेथेही असाच एक मराठी गृहस्थ नोकरीनिमित्त निघाला होता. ते होते कवी नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. वडील कठोर स्वभावाचे; प्रेमळ आई बालपणीच अंतरली. पुढे संस्कृत विद्या व कवित्व लाभले, परंतु मनाला स्वस्थता लाभली नाही. माणसामाणसांत भेद न करणारा धर्म ते शोधत होते. राजनांदगावच्या त्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. प्रभू येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांच्या अंतःकरणाचा ठाव लागला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांना शांती मिळाली. घराची मात्र शांती भंगली. हे पाऊल त्यांनी पत्नीच्या संमतीविना उचलले होते. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. हा वियोग चार वर्षांहून अधिक टिकला.

टिळक मूळचे तापट. तरीही या बाबतीत त्यांनी धीर धरला. पत्रे लिहिली, भेटी घेतल्या आणि नाते तुटू दिले नाही. अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या, तेव्हा त्यांनी धर्मांतराची अट घातली नाही. त्यांचा वेगळा स्वयंपाक, त्यांचे सोवळे, सारे त्यांनी मान्य केले. पुढे जातिभेद हा देवाचा नव्हे, मनुष्याचा आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच उमगले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या संसारातील भांडणे व प्रेम त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये मोकळेपणाने सांगितले आहे.

घरात साधलेला हा समेट टिळकांना समाजातही हवा होता. परकी वाटणारी उपासना त्यांनी भजन-कीर्तनातून मराठी मनाजवळ आणली. मिशनचे वेतन सोडून १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी एकत्र बसावे, हा त्याचा हेतू होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांचे अपूर्ण 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. दुरावलेल्या पत्नीनेच पतीचे कार्य सिद्धीस न्यावे, यापरता समेट कोणता?

प्रिय वाचकहो, आपल्या घरांत व मंडळ्यांत दुरावे आहेतच. आपण खऱ्या बाजूला आहोत, एवढ्याने ते मिटत नाहीत. आपल्या शांतीसाठी दुसऱ्याने काय सोसले, हे ओळखावे लागते. त्याला वेळ व मान द्यावा लागतो. प्रभू हे धैर्य आपणांस देवो.