विश्लेषण : कॅन्सर केंद्र उभे राहील, पण माणसे? डॉ. खानोलकरांनी काय केले होते?

वारणानगर : तोंडातील न भरणारी जखम घेऊन वारणा खोऱ्यातला रुग्ण दवाखान्यात जातो, तेव्हा पुढचे उपचार जखमेतून काढलेल्या एका छोट्या तुकड्यावर ठरतात. तो तपासून निदान करतो पॅथॉलॉजिस्ट. राज्य सरकारने २०२५ मध्ये त्रिस्तरीय कर्करोग सेवेचे धोरण मंजूर केले. त्यात कोल्हापूरचाही समावेश आहे. इमारती, यंत्रे येतील; ती चालवणारी माणसे कुठून आणायची? हाच प्रश्न आठ दशकांपूर्वी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासमोर होता.

कोण होते खानोलकर?
जन्म १३ एप्रिल १८९५. लंडन विद्यापीठातून त्यांनी १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एम.डी. केले. मुंबईत ग्रँट आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयांत ते प्राध्यापक होते. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

संशोधन कोणते?
रुग्णाच्या सवयी आणि आजार यांचा संबंध त्यांनी शोधला. कमरेवर धोतर घट्ट कसले जाते, तिथे होणाऱ्या कर्करोगाची नोंद त्यांनी १९४५ मध्ये मांडली. तंबाखू आणि तोंडाच्या कर्करोगाचाही अभ्यास केला.

माणसे कशी घडवली?
१९४९ मध्ये देशातील पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. केंद्र सरकारने १९५२ मध्ये मुंबईत कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले, त्याचे ते संस्थापक संचालक. तिथे डॉक्टरांबरोबर जीवशास्त्रज्ञही घडले. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली, अमेरिकेत प्रशिक्षण घेतले आणि परतून मुंबईत ऊती संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. पुढे १९६६ मध्ये हे केंद्र आणि रुग्णालय एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. खानोलकर १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज त्याचा अर्थ काय?
एमबीबीएसला इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, पॅथॉलॉजीच्या एम.डी.ला आणखी तीन. कॅन्सर सर्जनला एम.एस. आणि एम.सीएच. धरून साडेअकरा वर्षे लागतात. रेडिओथेरपीला भौतिकशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञही हवेत. इमारतीचा आराखडा काढताना प्रशिक्षणाच्या जागांचा हिशेब झाला नाही, तर यंत्र कोल्हापुरात असूनही वारणेच्या रुग्णाला मुंबईची गाडी धरावी लागेल.