नाना फडणवीस

नाना फडणवीस (मूळ नाव : बाळाजी जनार्दन भानू, जन्म : १२ फेब्रुवारी १७४२, सातारा, मृत्यू : १३ मार्च १८००, पुणे) हे उत्तर पेशवाईतील कारभारी व मुत्सद्दी होते. पानिपतच्या संहारातून (१७६१) ते जिवानिशी परतले. पुढे बारभाईंच्या कारभारात त्यांचे महत्त्व वाढत गेले. त्यांच्या राजकारणावर विपुल लेखन झाले आहे. तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापण्याचा त्यांचा उद्योग मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला.

गीतेच्या मुद्रणाचा प्रयत्न

१७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा वकील म्हणून पुण्यास आला. त्याच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार येथे काम करी. गंगाराम तांबट यांनी वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली तीही याच सुमारास. या संपर्कातून पुण्यातील एका तांबटाने मुद्रणासाठी नागरी अक्षरे कोरण्याची विद्या आत्मसात केली व नानांनी त्याच्याकडून गीतेचे पत्रे कोरवून घेण्यास आरंभ केला.

तांब्यावर लेख कोरणे नवे नव्हते. शिलाहार व यादवांची दानपत्रे प्रसिद्धच आहेत. परंतु दानपत्र सरळ वाचावयाचे असते, तर छपाईच्या पत्र्यावर प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी आरशातल्याप्रमाणे उलटी कोरावी लागते. या पद्धतीत खाचांमध्ये दाट शाई भरून पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद त्यावर जोराने दाबतात. कलाशाळांतील विद्यार्थी करतात तो ड्रायपॉइंट ठसा याच कुळातला. त्यात सुईने ओरखडताना रेषेच्या कडेला धातूचा खरखरीत उंचवटा उरतो आणि त्यात अडकलेल्या शाईमुळे रेषा मऊ, दाट उमटते. तो उंचवटा थोड्याच प्रतींनंतर दबून जातो. चित्राला हे चालते, ग्रंथाला नाही; तेथे कोरणीने धातू काढून केलेली खोल, स्वच्छ रेघच हवी.

अखेरची वर्षे

११ मार्च १७९५ रोजी खर्डा (तालुका जामखेड, अहमदनगर म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा) येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. नानांच्या कारकिर्दीचा हा कळस होय. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सवाई माधवराव निवर्तले आणि वारसाच्या तंट्यात नानांचे बळ ओसरले. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या गोटात त्यांना विश्वासघाताने कैद करण्यात आले व पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. खर्ड्याच्या विजयाला तेव्हा तीन वर्षेही उलटली नव्हती. १७९८ मध्ये सुटका होऊन ते पुन्हा कारभारावर आले, पण पूर्वीची सत्ता परत आली नाही. त्यांच्या मृत्यूच्या वेळी गीतेचे काम अपुरेच होते.

पुढे मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांनी त्या कारागिरास आश्रय दिला आणि १८०५ साली ती गीता मिरजेत छापून पूर्ण झाली. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण सुट्या नागरी खिळ्यांनी छापले गेले. एका पुस्तकासाठी जुळवलेले ते खिळे मोडून दुसऱ्यासाठी वापरता येत. मिरजेचा पत्रा मात्र ज्या पानासाठी कोरला, त्याच पानाचा राहिला.