विक्रोळीकराला सापडलेले दुसरे अर्देशीर

आमच्या विक्रोळीत अर्देशीर हे नाव घेतलं की कुणीही गोदरेजच म्हणणार. साहजिक आहे. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा उद्योग सुरू केला, त्यांचे धाकटे भाऊ पिरोजशा यांनी १९४० च्या दशकात विक्रोळीची जमीन घेतली आणि आमच्या आजोबांच्या पिढीचं घड्याळ कंपनीच्या भोंग्यावर लागलं. पण मित्रांनो, मी लिहिणार आहे ते अर्देशीर यांच्याही आधीचे. हे अर्देशीर गोदरेज १८६८ साली जन्मले, तेव्हा ते अर्देशीर साठीला आले होते. पूर्ण नाव अर्देशीर करसेटजी वाडिया. रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो. आपल्या हॉस्टेलवर क्विझमध्ये हा प्रश्न आला, तर अर्धी पोरं रामानुजन म्हणून मोकळी होतील. रामानुजन फेलो झाले १९१८ मध्ये. अर्देशीर झाले २७ मे १८४१ रोजी, म्हणजे ७७ वर्षं आधी. आणि ते गणिती नव्हते, आपल्यासारखे वर्कशॉपवाले होते.

मला त्यांच्यात रस वाटला तो लाकडामुळे. आमच्या भागात पूर्वी एक छोटी सॉ मिल होती. शाळेतून येताना तिथली गोल करवत बघत मी उभा राहायचो. ओंडका गाडीवर बांधून पुढे सरकवायचे. आधी आवाज बारीक, मग ओंडक्यात पातं शिरलं की एकदम जड. पहिल्या कापात सालीची फळी सुटायची, मग ओंडका पाव वळणाने फिरवायचे, पुन्हा तेच. चारी बाजू चौकोनी झाल्या की मग खऱ्या फळ्या पडायच्या. हे वळवणं उगाच नसतं. झाड वाढताना त्याच्या पोटात ताण साठलेला असतो. एकाच बाजूने कापत गेलं तर उरलेला भाग धनुष्यासारखा वाकतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये रेसिड्युअल स्ट्रेस शिकलो तेव्हा मला ती मिलच आठवली.

वाडिया घराण्याचं अख्खं जग लाकडाचं होतं. १७३६ साली लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईला आले आणि पुढची शंभरेक वर्षं मुंबई गोदीत (आजची नेव्हल डॉकयार्ड, फोर्टातल्या लायन गेटच्या आतली) याच घराण्याने जहाजं बांधली, तीही सागवानाची. इंग्लंडातली जहाजं ओकची. ओक आपल्या सह्याद्रीत नाही, त्याचा भाऊबंद बघायचा तर उत्तराखंडात बांज म्हणतात तो बघावा. ओक मजबूत खरा, पण त्यात टॅनिक आम्ल असतं, ते लोखंडी खिळे-बोल्ट खातं. सागात तेल असतं, लोखंड टिकतं, वाळवी आणि कुज लागत नाही. त्यात नेपोलियनच्या लढायांत इंग्लंडला चांगला ओक पुरेना. म्हणून ‘मिंडन’ (१८१०), ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३) अशा लढाऊ जहाजांची कामं मुंबईला आली. १८१७ साली इथे पाण्यात सोडलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे! दोनशे वर्षांहून जुनं मुंबईचं काम.

पण या जहाजांच्या फळ्या पडायच्या कशा? माणसाच्या हाताने. ओंडका खड्ड्यावर किंवा उंच घोडीवर ठेवायचा, एक माणूस वर उभा राहून रेघ सांभाळणार, दुसरा खालून करवत ओढणार आणि दिवसभर डोळ्यांत भुसा घेणार. एका लढाऊ जहाजाला किती फळ्या लागत असतील याचा विचार करा. (आपण कार्पेंट्री शॉपमध्ये एक टी-जॉइंट करताना किती रडतो, तेही आठवा.)

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ चा. चौदाव्या वर्षी ते वडिलांच्या हाताखाली गोदीत लागले. म्हणजे लाकूड घरातूनच आलं. पण त्यांचा जीव अडकला वाफेत. १८२९ मध्ये मुंबईत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली गेली आणि १८३० साली ती सुएझला जाऊन आली. तेव्हा ते एकवीस-बावीस वर्षांचे होते. ज्याचं घराणं शिडाच्या जहाजांवर जगतं त्याने ही बोट बघून काय करावं? बहुतेकांनी मान फिरवली असती. यांनी इंजिन शिकायला घेतलं. कॉलेज नाही, सिलॅबस नाही, नोट्स नाहीत. १८३३ साली त्यांना माझगावला असिस्टंट बिल्डर नेमलं. तिथे त्यांनी ‘इंडस’ नावाची साठ टनांची छोटी बोट बांधली आणि तिला वाफेचं इंजिन बसवलं. १८३४ साली माझगावचा स्वतःचा बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळवली. मुंबईच्या रस्त्यांवर गॅस यायला त्यानंतर तीसेक वर्षं लागली.

१८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले. तेव्हा जाणं म्हणजे बोटीने सुएझ, तिथून वाळवंट ओलांडून पुन्हा बोट. वर्षभर राहून त्यांनी तिथले कारखाने पाहिले, मोठ्या इंजिनिअरांना भेटले, आणि त्यांच्या प्रवासाचं एक पुस्तकही इंग्रजीत छापून आलं. त्याच सुमाराला त्यांच्याच घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेहेरवानजी हे दोघे चॅटहॅमच्या गोदीत जहाजबांधणी शिकत होते. चॅटहॅमला मार्क ब्रुनेलने वाफेवर चालणारी सॉ मिल १८१० च्या दशकातच उभारली होती. मुंबईत खड्ड्यातला माणूस भुसा खात होता, आणि तिकडे हेच काम वाफ करत होती. वाडियांच्या दोन पोरांना हे रोज दिसत होतं.

१८४१ साल अर्देशीर यांचं. फेलोशिप मिळाली आणि मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे चीफ इंजिनिअर म्हणून नेमणूक झाली. हाताखाली युरोपियन इंजिनिअर! मुंबईतल्या एका इंग्रजी वृत्तपत्राने लगेच आक्षेप घेतला, की नेटिव्ह माणूस युरोपियनांवर कसा हुकूम चालवणार. पदवी दाखवून तोंड बंद करायची सोय त्यांना नव्हती, इंजिनं दुरुस्त होऊन बाहेर पडत राहिली पाहिजेत, एवढंच. सोळा वर्षं त्यांनी ती जागा सांभाळली. मला विचाराल तर फेलोशिपपेक्षा ही सोळा वर्षं मोठी. फेलोशिप देणारे लंडनला होते, हुकूम रोज मुंबईत पाळून घ्यायचा होता.

आणि आता माझा आवडता भाग. १८४९ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि तिथून लाकूड कापायची काही यंत्रं विकत घेऊन त्यांनी मुंबईला पाठवली. वाफेच्या माणसाने अमेरिकेतून करवती का आणाव्यात? गोल करवतीचं पेटंट इंग्लंडात सॅम्युअल मिलरने १७७७ सालीच घेतलं होतं, पण ती खरी पसरली अमेरिकेत. तिथे जंगल अफाट आणि माणूस महाग. गावोगाव ओढ्यावर नाही तर छोट्या इंजिनावर चालणारी मिल, आणि तिच्यात ओक, पाइन, जे मिळेल ते घालायचं. चार फूट व्यासाचं पातं मिनिटाला ७०० फेऱ्या घेत असेल तर दात्याचा वेग निघतो सेकंदाला सुमारे ४५ मीटर, म्हणजे ताशी १६० किलोमीटर. कॅल्क्युलेटर काढून बघा. हाताच्या करवतीला हे जन्मात जमणार नाही.

पण फुकट काहीच मिळत नाही. पातं मोठं म्हणून जाड, दाते आलटून पालटून बाहेर वाकवलेले, त्यामुळे प्रत्येक कापात पाव इंच लाकूड भुसा होतं. इंची फळी आणि पाव इंच कर्फ धरला तर पाच फळ्यांमागे एका फळीपेक्षा जास्त माल भुशात जातो. अमेरिकेत कोण विचारतो? मुंबईत मात्र उलटं होतं. माणूस स्वस्त आणि साग महाग, मलबारहून समुद्रमार्गे आणलेला. म्हणजे नुसत्या मजुरीच्या हिशेबाने बघितलं तर ही यंत्रं मुंबईला परवडायला कठीण. तरी त्यांनी घेतली. माझा अंदाज असा, की गोदीतल्या माणसाला मजुरीपेक्षा वेळ आणि सरळ रेघ जास्त मोलाची वाटली असावी. फळी सगळीकडे एका जाडीची आली की पुढचं रंधाकाम निम्मं होतं, हे सुताराच्या घरातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

दुर्दैव असं की लाकूड कापायची चांगली यंत्रं आली तेव्हा लाकडी जहाजांचेच दिवस भरत आले होते. समुद्रावर लोखंड आलं. १८५१ मध्ये अर्देशीर यांनी ‘लवजी फॅमिली’ नावाची आगबोट पाण्यात सोडली, तिला पूर्वजाचं नाव दिलं. पण त्या पूर्वजाचा धंदा तिच्यासोबत पुढे जाणार नव्हता. घराण्यात हे सर्वांत आधी ज्याला कळलं असेल तो हाच माणूस, आणि ते कळण्याची किंमतही त्यानेच मोजली असं मला वाटतं. कारण १८५७ ला निवृत्त झाल्यावर ते मुंबईत फार रमले नाहीत. १८६१ ते ६३ सिंधमध्ये कोटरीला इंडस फ्लोटिला कंपनीत सुपरिंटेंडिंग इंजिनिअर होते, मग कायमचे इंग्लंडला गेले. तिकडे त्यांचा दुसरा संसार होता. पहिलं घर, बायको-मुलं इथे मुंबईत. यावर निकाल द्यायला मी कोण! पण चरित्र लिहायचं तर हे गाळणंही बरं नव्हे.

त्यांच्या काळात आमची विक्रोळी म्हणजे शेती, झाडी आणि खाडी. फ्रामजी कावसजी बनाजी या दुसऱ्या पारशी गृहस्थांकडे पवईसकट तो सगळा मुलूख १८३० च्या दशकात होता. गोदरेज यायला अजून शतक होतं. अर्देशीर वाडियांचा विक्रोळीशी संबंध नाही, मी तो ओढूनताणून जोडणारही नाही. पण पुढे ज्या गावात लेथ आणि प्रेस दिवसरात्र चालले, तिथल्या पोराला ते आपले वाटले तर चालून जावं.

१६ नोव्हेंबर १८७७ रोजी लंडनजवळ रिचमंडला ते वारले. १९६९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. इंडस्ट्रियल व्हिजिटला माझगाव डॉक दाखवतात तेव्हा, हे अर्देशीर असिस्टंट बिल्डर होते ते याच माझगावात, एवढं बरोबरच्या सरांना सांगून बघा.