डेक्कन क्वीनमधला अभ्यासू प्रवासी : दामोदर कोसंबी



डी.एड. झाल्यावर तुम्ही स्वतःसाठी शेवटचं काय वाचलंत? माझं उत्तर सांगायला मला लाज वाटते. परिपत्रकं सोडली तर फारसं काही नाही. म्हणून आज आपल्या पुण्यातल्याच एका माणसाबद्दल लिहिते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. त्यांच्यासोबत दामोदर अमेरिकेला गेले आणि १९२९ साली हार्वर्डमधून पदवी घेऊन परतले. बनारस आणि अलीगढला शिकवून १९३३ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पुढे होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. नोकरी मुंबईत, पण घर पुण्यातच! सकाळी डेक्कन क्वीनने जायचं, संध्याकाळी परतायचं. तेवढ्या प्रवासात आपण एक डुलकी काढतो. त्यांचं मात्र वाचन व्हायचं. फ्रेंच, जर्मन, इटालियन भाषांतले लेखही ते मुळातून वाचत.

आणि नुसतं वाचून थांबत नसत, लिहीत. गणितावर तर लिहिलंच, पण १९४४ साली आनुवंशिकतेवर लिहिलेल्या एका निबंधातलं त्यांचं सूत्र आजही जगभर त्यांच्या नावाने वापरतात. भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखितं ताडून १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. सुट्टीत पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि गावं पायी तुडवायची, दगडाची बारीक हत्यारं गोळा करायची, गावकऱ्यांना म्हातोबाबद्दल विचारायचं.

मला सगळ्यात आवडतो तो नाण्यांचा उद्योग. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. जास्त वर्षं फिरलेलं जास्त हलकं, शिवाय त्यांच्या वजनांत फरकही जास्त. कोसंबींनी अचूक तराजूवर हजारो नाणी तोलली आणि वजनावरून कुठली नाणी जुनी, कुठली नंतरची, हे शोधलं. आधी चलनातली साधी नाणी तोलून पद्धत पडताळली, मग प्राचीन नाण्यांना हात घातला. म्हणजे बघा, चौथीतलं वजन-माप आणि चौथीतलाच इतिहास एकाच टेबलावर!

सगळंच बरोबर आलं असं मात्र नाही. रीमानच्या प्रसिद्ध गणिती कोड्याची सिद्धता सापडली असं त्यांनी १९५९ मध्ये छापलं, ती चुकीची निघाली. नाव खराब झालं. स्वभावही तिखट होता, भांडणं झाली, आणि १९६२ मध्ये संस्थेने करार वाढवला नाही. हे मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. त्याच वर्षी त्यांचं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ आलं, १९६५ मध्ये प्राचीन भारतावरचं आणखी एक पुस्तक आलं. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच ते गेले. वय अवघं ५८.

परवा वर्गात मुलांनी एक रुपयाची जुनी आणि नवी, पण एकाच छापाची नाणी आणली. शाळेच्या तराजूला फरक काही कळेना. एका मुलीचे बाबा सोनारकाम करतात, शनिवारी त्यांचा काटा घेऊन येणार आहेत. तोवर मुलांनी नाण्यांवरची सालं वहीत उतरवून ठेवली आहेत, आणि मीही रात्री झोपण्याआधी चार पानं वाचून दोन ओळी लिहायला लागलेय. आजचा नववा दिवस.