आर्सचे धर्मगुरू जाँ-मारी व्हियाने

परीक्षेतील गुण आणि अंगची योग्यता ही एकच मानण्याची रूढी आपल्या समाजात चांगलीच मुरली आहे. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाविषयी आईबाप निराश होतात, आप्तेष्टही त्याच्याकडून अपेक्षा ठेवीनासे होतात. अशांनी फ्रान्समधील एका शेतकऱ्याच्या मुलाचे चरित्र अवश्य मनन करावे.

जाँ-मारी व्हियाने यांचा जन्म ८ मे १७८६ रोजी ल्यों शहराजवळील दार्दिली या खेड्यात झाला. त्यांच्या बालपणीच राज्यक्रांतीचे वादळ उठले. धर्मगुरूंना लपूनछपून उपासना चालवावी लागे. त्या काळातील त्यांचे धैर्य पाहून या मुलाच्या मनात गुरुपदाची ओढ निर्माण झाली. परंतु घरचे शेतकाम आणि मोडकेतोडके शिक्षण यांमुळे लॅटिनच्या अध्ययनास विशीच्या सुमारास प्रारंभ झाला. त्यातच १८०९ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा हुकूम आला. आजारपणामुळे ते तुकडीच्या मागे राहिले आणि पुढे माफी मिळेपर्यंत एका डोंगराळ गावी त्यांना लपून राहावे लागले. परत येऊन ते ल्योंच्या सेमिनरीत दाखल झाले. पण तेथील लॅटिन अध्यापन त्यांना उमगेना व त्यांना परत पाठविण्यात आले.

एक्युली येथील धर्मगुरू बाले यांनी मात्र या शिष्याची आशा सोडली नाही. त्यांनी त्यांना स्वतः शिकविले, वरिष्ठांकडे रदबदली केली. अखेर १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोब्ल येथे व्हियाने यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या वेळी ते एकोणतीस वर्षांचे होते.

फेब्रुवारी १८१८ मध्ये त्यांची नेमणूक आर्स येथे झाली. जेमतेम दोनशे-सव्वादोनशे वस्तीचे ते खेडे धर्माचरणात अगदी शिथिल झालेले होते. रविवारी शेतात काम चाले व दारूचे गुत्ते गजबजत. व्हियाने यांनी प्रथम घरोघर जाऊन माणसांची ओळख करून घेतली. स्वतः उपवास करावे, पहाटेपूर्वी चर्चमध्ये प्रार्थनेस बसावे, मिळेल ते गरिबांस द्यावे, असा त्यांचा क्रम होता. गुत्ते आणि नाचगाणी यांवर त्यांनी कडक प्रहार केले. तो कडकपणा आजच्या वाचकास जाचक वाटेल. त्या वेळीही काही ग्रामस्थ त्यांच्यावर रुष्ट झाले. तथापि हळूहळू गुत्ते ओस पडले व चर्च भरू लागले.

१८२४ साली त्यांनी मुलींसाठी विनामूल्य शाळा काढली आणि तिची धुरा गावातील दोन तरुणींना शिक्षण देऊन त्यांच्याच हाती दिली. तेथेच पुढे अनाथ व निराधार मुलींना आश्रय मिळाला. ही संस्था त्यांना प्राणप्रिय होती. वरिष्ठांच्या निर्णयाने १८४८ च्या सुमारास ती धर्मभगिनींकडे सोपविण्यात आली, तेव्हा त्यांना अतीव दुःख झाले. परंतु त्यांनी आज्ञा मानली.

शेजारच्या काही धर्मगुरूंना त्यांचे अल्पशिक्षण खुपे. त्यांच्याविरुद्धचा तक्रारअर्ज फिरत फिरत त्यांच्याच हाती आला, तेव्हा त्यांनी त्यावर स्वतःची सही केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आपण या पदास अपात्र आहोत, ही त्यांची प्रामाणिक समजूत होती. एकांतवासात जाऊन राहावे म्हणून त्यांनी अनेकदा आर्स सोडण्याचा प्रयत्न केला. १८४३ मध्ये ते भावाच्या घरी जाऊन राहिले, तर लोक तेथेही येऊन पोहोचले. १८५३ मध्ये गावकऱ्यांनी त्यांना रात्रीच अडविले. दोन्ही वेळा ते परतले आणि पुन्हा आपल्या कामास लागले.

पापनिवेदन ऐकण्यासाठी ते उन्हाळ्यात दिवसाचे सोळा-सोळा तास बसत. दूरदूरचे लोक हजारोंच्या संख्येने येत. विद्वानही त्यांत असत. उतारूंसाठी गाड्या सुरू झाल्या, गावात खानावळी निघाल्या. धर्मगुरूंची राहणी मात्र पूर्वीचीच राहिली. बिशपांनी १८५२ मध्ये दिलेला सन्मानाचा अंगरखादेखील त्यांनी विकून पैसे दानधर्मात खर्च केले.

४ ऑगस्ट १८५९ रोजी, एकेचाळीस वर्षांच्या सेवेनंतर, आर्स येथेच त्यांचे देहावसान झाले. १९२५ साली त्यांना संतपद देण्यात आले आणि १९२९ साली धर्मग्रामांच्या गुरूंचे आश्रयदाते संत म्हणून घोषित करण्यात आले. वसई आणि गोमंतकातील चर्चमध्येही दर ४ ऑगस्टला त्यांचे स्मरण केले जाते.

व्हियाने यांच्या यशात बाले गुरुजींचा वाटा मोठा आहे. सर्वांनी नाकारलेल्या विद्यार्थ्याला त्यांनी जवळ बसवून शिकविले, म्हणूनच आर्सला तो धर्मगुरू लाभला. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज तपासताना चालकांनी, आणि घरातील मागे पडलेल्या मुलाकडे पाहताना पालकांनी, या गुरूचे स्मरण ठेवावे, एवढीच नम्र विनंती.