मल्लवीर कै. खाशाबा जाधव

महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या १९६२ साली धुळ्यास व १९६६ साली जळगावास झाल्या, हे आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक असेलच. खानदेशास मल्लविद्येचे प्रेम नवे नाही. परंतु घरातील मुलगा तालमीत जाऊ लागला म्हणजे त्याच्या दुधातुपाची आपण जितकी चिंता वाहतो, तितकी त्याच्या मेहनतीच्या पद्धतीची व विश्रांतीची वाहत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत कै. खाशाबा दादासाहेब जाधव यांचे चरित्र देण्याचे आम्ही योजिले आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडनजीक गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील स्वतः मल्ल. तेव्हा लाल मातीचे बाळकडू घरीच मिळाले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. देहयष्टी लहानखुरी, प्रथमदर्शनी त्यांस कोणी पहिलवान म्हटले नसते. जोर, बैठका व लढत यांनी कमावलेले बळ आणि विजेची चपळाई हेच त्यांचे भांडवल होते. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि तेथे त्यांची गाठ गादीशी पडली. मातीत पाय रुततो, पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते, दम राखून वाट पाहणाऱ्याचे फावते. गादीवर वेळ ठरलेला असतो व पाठ न लागली तरी पंच निकाल देतात. तेथे आरंभापासून चढाई हवी. ही निराळी मेहनत त्यांना अमेरिकन मल्ल रीस गार्डनर यांनी तेथेच शिकविली. त्या तुटपुंज्या तयारीवर खाशाबा सहावे आले, हे आम्हांस पुढील पदकाइतकेच मोलाचे वाटते.

नंतरची चार वर्षे त्यांनी कसून तयारी केली व ५२ किलोंच्या गटातून ते ५७ किलोंच्या गटात गेले. हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. असा गुरुजन लाभणे हेही भाग्यच!

१९५२ च्या त्या स्पर्धेत कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांस खाशाबांनी नमविले. जपानच्या इशी याच्याशी झालेली प्रदीर्घ कुस्ती मात्र थोडक्यात हातची गेली. त्या दमछाकीनंतर लगेच त्यांस सोव्हिएत मल्लापुढे उभे राहावे लागले, असे सांगतात. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. पण तो पुढे करून भांडावयास भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता. थकल्या अंगाने ते हरले. २३ जुलै रोजी कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पुढले वैयक्तिक पदक देशास १९९६ साली मिळाले, यावरून त्याची थोरवी कळावी. परतल्यावर कऱ्हाडकरांनी शेकडो बैलगाड्यांची मिरवणूक काढली.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. गुडघा दुखावल्याने १९५६ चे मेलबर्न हुकले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. शासनाचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला, तो त्यानंतर पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर.